दर्या आणि दऱ्या

आमच्या घराच्या पडवीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अर्ज, मच्छीमार सोसायटीच्या नोटिसा, ऑनलाइन फॉर्म अशी कामं असतात. पोरांची शाळा आणि स्वयंपाक सांभाळून चौदा वर्षं हे चालू आहे.

तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर इतका मंद झाला की एखादी पत्रिका उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा ईदच्या सुट्टीत आला होता. त्यानं एका दुपारी विंडोज काढून लिनक्स घातलं, आणि पत्रं-तक्ते करायला एक मोफत ऑफिस सॉफ्टवेअरही घालून दिलं. "खाला, हे फुकट आहे आणि आपलं आहे," तो म्हणाला. फुकट मला लगेच समजलं. आपलं कसं, ते समजायला पुढं दीड वर्ष गेलं.

त्यानं सांगितलं होतं ते एवढंच, की या सॉफ्टवेअरची मूळ लिखावट झाकून ठेवलेली नसते. कुणीही ती वाचावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. याला ओपन सोर्स म्हणतात. या चळवळीची एक गोष्ट त्यानं सांगितली ती मात्र मला आवडली, कारण तिच्यात प्रिंटर आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रॅमर होते. तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. कागद अडकल्याची खबर सगळ्यांना मिळावी अशी सोय त्यांना करायची होती, पण त्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरची लिखावट त्यांना कुणी देईना. पुढे १९८३ मध्ये त्यांनी सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरचं काम जाहीर केलं, आणि १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स सुरू केलं. अडकलेल्या कागदाचा राग मला कुणी समजावून सांगायला नको.

पहिलं वर्ष सुखात गेलं. मग एक अपडेट आलं आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस छापली. "सर्व गावकऱ्यांना कळविण्यात येते की" यातला "ऱ्यां" मोडला होता. खाली नुक्ता असलेला र, त्याला पायमोडीची तिरकी रेघ, आणि मग लांब सुटा उभा असलेला य. सोसायटीचे क्लार्क म्हणाले, "ताई, हे काय छापलंय?" मी अक्षरांचा आकार बदलला, प्रिंटर बंद करून चालू केला, काही होईना. शेवटी दुसरा फॉन्ट लावून नोटीस दिली. पण तो फॉन्ट मला आवडत नाही. आणि माझ्या जुन्या सगळ्या फाईली पहिल्या फॉन्टात होत्या.

भाच्याला फोन केला. त्याची परीक्षा चालू होती. म्हणाला, "खाला, त्यांना कळव. ज्यांनी बनवलं त्यांनाच सांगता येतं. तेच तर यातलं खास आहे." त्यानं दोष कळवायची जागा दाखवली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी लिहिलं की मराठी अक्षरं बरोबर येत नाहीत, काम अडलंय, लवकर दुरुस्त करा. मोबाईलनं काढलेला स्क्रीनचा फोटो जोडला, आणि समोर उघडी होती ती फाईलही जोडून टाकली.

तासाभरात पहिलं उत्तर आलं. तुमच्या फाईलमध्ये लोकांची नावं आणि फोन नंबर दिसताहेत, इथं जोडलेलं सगळं जगाला उघडं असतं, काढून टाकायला सांगा. माझ्या हातापायातलं बळ गेलं. ती एका मुलीच्या निकाहची पत्रिका होती, दोन्ही घरांचे पत्ते आणि नंबर असलेली. मी घाईघाईत माफी मागून काढायला सांगितलं, आणि त्यांनी ती लगेच झाकली. पण तो दिवस माझा गेला. गिऱ्हाईक विश्वासानं नंबर देतं आणि मी तो वेशीवर टांगला होता.

संध्याकाळी दुसरं उत्तर आलं. त्यात सात प्रश्न होते. सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती? लिनक्स कोणतं, डेस्कटॉप कोणता? सेफ मोडमध्येही असंच होतं का? ताज्या चाचणी-आवृत्तीत तपासलं का? दोष दिसेल एवढीच छोटी फाईल द्याल का? त्या अक्षरांचे युनिकोड क्रमांक काय? आणि शेवटचा: काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं?

मला या शेवटच्या प्रश्नाचा सगळ्यात जास्त राग आला. फोटो पाठवला होता. त्यात अक्षर मोडलेलं दिसत होतं. आणखी काय सांगायचं?

बाकीच्या प्रश्नांची मी खटपट केली. पण त्यांनी सांगितलेले मेनू इंग्रजीत, आणि भाच्यानं माझ्या सोयीसाठी माझे मेनू मराठीत करून ठेवलेले. त्यांचा कुठला शब्द म्हणजे माझा कुठला, हे जुळवतानाच डोकं दुखलं. एका प्रश्नासाठी त्या काळ्या खिडकीत, टर्मिनलमध्ये, एक ओळ टाइप करायची होती. मी जागा सोडायची तिथं सोडली नाही, नको तिथं सोडली, आणि ती खिडकी मला एकच उत्तर देत राहिली, की असली आज्ञा मला माहीत नाही. तासाला मी पूर्वी चार पानं टाइप करत होते, ती मी त्या रात्री एक ओळ टाइप करू शकले नाही. दिवा मालवला आणि ते पान परत उघडलंच नाही.

माझ्या तक्रारीवर "माहिती हवी आहे" असा शिक्का बसला होता. काही महिन्यांनी आपोआप निघालेलं एक पत्र आलं, की अजून उत्तर नाही. आणखी महिन्याभरानं दुसरं आलं, की पुरेशा माहितीअभावी तक्रार बंद केली आहे. कुणी मला नालायक म्हटलं नव्हतं, पण मी ते तसंच वाचलं.

मध्ये एक लहान गोष्ट घडली ती सांगायला हवी. आमच्या बंदरावर मासळी विकणारी एक बाई कुठल्याशा योजनेचा फॉर्म भरायला आली. मी स्क्रीनवरून मान न वळवता विचारलं, आधारला कोणता नंबर लिंक आहे, ओटीपी कुठं येईल, बँकेचं केवायसी झालंय का, फोटोचा साइज किती केबी आहे. ती बाकड्यावरून उठली, "विचारून येते" म्हणाली आणि आली नाही. पंधरा दिवसांनी ती मला बाजारात भेटली. मी विचारलं, "फॉर्मचं काय झालं?" ती म्हणाली, "तुमचं ते मला जमणार नाय." तिला नंबर माहीत होता. फोन तिच्या मुलाच्या खिशात होता आणि मुलगा बोटीवर होता, एवढंच. पण मी तसं विचारलंच नव्हतं. मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं तसं विचारलं होतं. घरी येताना मला त्या सात प्रश्नांची आठवण झाली आणि मी थोडी लाजले.

तरीही ती तक्रार तशीच पडून राहिली असती, पण मास्तरचाचा आले.

मास्तरचाचा आमच्या मोहल्ल्यातले निवृत्त शिक्षक. त्यांचे वडील आणि दोन चुलते जहाजावर होते. स्वतः त्यांची नोकरी मात्र सह्याद्रीच्या पोटातल्या शाळांमध्ये गेली. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. चार वह्या भरल्या आणि म्हणाले, "बेटा, हे छापून दे. ऐंशी पानं झाली तरी चालतील, पण अक्षर मोठं ठेव आणि चुका नकोत. शंभर प्रती, घरातल्या पोरांसाठी." फॉन्ट त्यांनी माझा जुनाच निवडला. दुसऱ्या फॉन्टातला ल त्यांना वाचवेना.

आता लिखाण कसलं? एका पानावर दर्या, दुसऱ्या पानावर दऱ्या. वडील दर्यावर, मुलगा दऱ्याखोऱ्यांत. पहिलं प्रूफ काढलं तर दर्या सगळे ठीक आणि दऱ्या सगळ्या मोडलेल्या. "रफार देऊन टाकते सगळीकडे," मी म्हटलं. चाचा चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी तीस वर्षं समुद्रात शाळा भरवली असं होईल," ते म्हणाले. "आचाऱ्यांना जेवायला वाढलं आणि आचार्यांना वाढलं, यात फरक आहे ना?"

चौथी वही त्यांच्या नातवानं फोनवर टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. ती मी तशीच चिकटवली. आणि त्या पानांवरच्या दऱ्या शाबूत होत्या! त्याच फॉन्टात, त्याच फाईलमध्ये. मला तर अपमान वाटला. चौदा वर्षं टायपिंग करणारीचं चुकतं आणि नववीतल्या पोराचं बरोबर येतं. चिडून भाच्याला फोनवर सांगितलं तर तो ओरडलाच, "खाला, हेच तर पाहिजे होतं त्यांना!"

झालं होतं असं. मी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरते. त्यात शिफ्ट धरून र दाबला की नुक्त्याचा ऱ येतो. तो ऱ, मग पायमोड, मग य, असं मी "ऱ्या" लिहिते. नातवाच्या फोनचा कीबोर्ड साधा र घेतो, पायमोड घेतो, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालतो आणि मग य. दोन्ही रीती मान्य आहेत, कागदावर दोन्ही सारख्याच दिसायला हव्यात. पण कॉम्प्युटरच्या पोटात ते दोन वेगळे शब्द असतात. युनिकोडच्या तक्त्यात साध्या र चा क्रमांक ०९३० आणि नुक्त्याच्या ऱ चा ०९३१. गंमत म्हणजे हा ०९३१ तिथं ठेवला आहे तो दक्षिणेकडच्या भाषांमधला एक उच्चार नागरीत लिहिता यावा म्हणून, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे आपली य ला डावीकडून चिकटणारी कोर. हिंदीला ही कोर लागत नाही. म्हणजे फॉन्ट तपासणारा माणूस हिंदी जाणणारा असला तरी त्याच्या नजरेतून ती सुटू शकते.

मग मला तो शेवटचा प्रश्न नव्यानं वाचता आला. काय दिसायला हवं होतं? ज्यानं विचारलं त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्यासाठी माझा फोटो म्हणजे एका रेघेला लटकलेली नक्षी. मला चिनी पानाचा फोटो देऊन कुणी म्हटलं, बघा, अक्षर मोडलंय, तर मी काय सांगणार? मी त्याच्या टर्मिनलपुढे जशी आंधळी होते तसाच तो माझ्या दऱ्यांपुढे.

भाच्यानं मग मला वाचायला दोन लेख दिले आणि अवघड जागा फोनवर समजावून सांगितल्या. एक १९९९ चा, सायमन टॅथम यांचा, दोष कसा कळवावा यावर. त्याचा गाभा एवढाच, की दुरुस्त करणारा तुमच्या शेजारी बसलेला नाही, तेव्हा बिघाड त्याला त्याच्या टेबलावर घडवून बघता येईल असं सांगा. दुसरा २००१ चा, एरिक रेमंड आणि रिक मोएन यांचा, प्रश्न कसे विचारावेत यावर. तो फार प्रसिद्ध आहे म्हणे. त्यात कामाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण वाचताना मला आमच्या वेळच्या छडीवाल्या मास्तरांची आठवण होत राहिली. नवख्या माणसाच्या हाती मी पहिला देईन.

भाच्यानं स्वतःचीही फजिती कबूल केली. त्याचा एक प्रोग्रॅम मध्येच बंद पडायचा. कळवलं तर त्याच्याकडे बॅकट्रेस मागितला, म्हणजे बंद पडताना प्रोग्रॅम कुठल्या कामाच्या आत कुठल्या कामात होता त्याची उतरंड. ती वाचता येण्यासाठी वेगळी पूरक पॅकेजं घालावी लागतात. त्यात त्याचे दोन आठवडे गेले. मग त्याला बायसेक्ट करायला सांगितलं. जुनी आवृत्ती चांगली, नवी बिघडलेली, मध्ये हजारभर बदल झालेले. बरोबर मधली आवृत्ती घेऊन बघायची. ती चांगली निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, बिघडलेली निघाली तर मागच्या अर्ध्यात. उरलेल्याचे परत दोन भाग. दहा वेळा तपासलं की हजारातला एक बदल हाती लागतो. मुलं आकडा ओळखायचा खेळ खेळतात, तसंच. "मला वाटलं मला पळवून लावताहेत," तो म्हणाला, "पण तो बदल सापडला तेव्हा त्यांनी दोन दिवसांत दुरुस्त केलं." इंजिनिअरिंगच्या पोराचं हे, तर माझं काय, असं म्हणून मी जरा सैल झाले.

या वेळी मी आधी एक कोरी फाईल घेतली. तिच्यात फक्त चार शब्द टाइप केले: दर्या, माझ्या रीतीनं दऱ्या, नातवाच्या रीतीनं दऱ्या, आणि गावकऱ्यांना. कुणाचं नाव नाही, नंबर नाही. ब्राउझरमध्ये तोच फॉन्ट लावून तेच शब्द बघितले, तिथंही माझीच दरी मोडली. शाळेच्या पुस्तकातला नीट छापलेला "दऱ्या" फोटो काढून जोडला आणि त्याच्याभोवती पेनानं गोल केला. मग इंग्रजीत छोटी छोटी वाक्यं लिहिली. मी टायपिंगचं दुकान चालवते. मी प्रोग्रॅमर नाही. माझे मेनू मराठीत आहेत. तुमच्या सात प्रश्नांपैकी चारांची उत्तरं खाली आहेत. तीन मला समजले नाहीत. पहिल्या शब्दाचा अर्थ समुद्र. दुसऱ्याचा अर्थ दोन डोंगरांमधल्या खोल जागा. माझ्याकडे दुसरा शब्द मोडतो, आणि मोडला नाही तर लोक तो पहिला समजणार नाहीत.

शेवटचं वाक्य विचित्र झालं होतं, पण मी ते तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पूर्वीचाच माणूस. त्यानं लिहिलं होतं की त्याला ही लिपी वाचता येत नाही, आणि आता पहिल्यांदा त्याला दिसलं की काय मोडलंय. उरलेले तीन प्रश्न त्यानं सोडून दिले. एकाची गरज उरली नव्हती. दुसऱ्यासाठी त्यानं टर्मिनलची ओळ पूर्ण लिहून दिली आणि वर लिहिलं, ही जशीच्या तशी चिकटवा, काही बिघडणार नाही. "काही बिघडणार नाही" हे शब्द मागच्या वेळी कुणी लिहिले असते तर बरं झालं असतं. त्या ओळीनं माझ्या फॉन्टची आवृत्ती सांगितली, आणि ब्राउझरमध्येही मोडतं म्हटल्यावर कळलं की दोष ऑफिस सॉफ्टवेअरचा नाहीच, फॉन्टचा आहे. अपडेटबरोबर नवा फॉन्ट आला होता आणि त्यातून माझ्या रीतीच्या जोडणीचा नियम गळला होता.

आता तुम्ही म्हणाल, आली का पुढची खिडकी? आलीच. आमच्याकडे नाही, फॉन्टवाल्यांकडे कळवा. तालुक्याच्या कचेरीत जन्म गेल्यामुळे मला याची सवय आहे. पण इथं त्या माणसानं स्वतःच तिकडे तक्रार नोंदवली, माझी चार शब्दांची फाईल जोडली, आणि मला नुसतं कळवलं.

अक्षर कागदावर येईपर्यंत किती हातांतून जातं, ते मला तेव्हा कळलं. फॉन्टमध्ये अक्षरांचे आकार आणि जोडणीचे नियम असतात. ते नियम वाचून अक्षरं जुळवणारं एक वेगळंच इंजिन असतं. आणि ऑफिसचं सॉफ्टवेअर त्यांना फक्त जागा देतं. यातल्या एका प्रसिद्ध इंजिनाचं नाव ऐकून मी चकित झाले. हार्फबझ. मूळचे इराणचे बेहदाद एस्फहबोद यांनी ते वाढवलं आणि नाव फारसी ठेवलं. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. लहानपणी अलिफ-बे शिकताना हर्फ हा शब्द आपल्या कानावर पडलेला असतो. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सगळ्यांत हे इंजिन आहे. म्हणजे नातवाच्या फोनमध्ये आणि माझ्या ब्राउझरमध्ये एकच उघडा हर्फ बसला होता.

सहा आठवड्यांनी दुरुस्त फॉन्ट आला. मधल्या काळात त्यांनी मला दोनदा चाचणीसाठी फाईल पाठवली. पहिल्यात दऱ्या सुधारल्या आणि गावकऱ्यांना बिघडलं, कारण त्यात वर अनुस्वार येतो. मी कळवलं. त्या वेळी मला कुणी प्रश्न विचारायच्या आधीच मी आवृत्ती, काय हवं, काय दिसलं, सगळं लिहून मोकळी झाले. नेपाळहून कुणीतरी त्याखाली लिहिलं, आमच्याकडेही हेच. नेपाळीतही ही कोर आहे, हे मला तेव्हा समजलं. तो माणूस किती दिवस गप्प बसला होता, कोण जाणे.

मासळीवाल्या बाईचा फॉर्म मी तिच्या मुलाची बोट लागली त्या दिवशी बंदरावर जाऊन भरला. अंतिम तारीख उलटायला तीन दिवस होते. फोटोचा साइज मी तिला विचारला नाही.

मास्तरचाचांचं पुस्तक मार्चमध्ये छापून झालं, ब्याऐंशी पानं. प्रती न्यायला आले तेव्हा मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. हेही सांगितलं, की फॉन्ट करणाऱ्यांनी आपले ते चार शब्द त्यांच्या तपासणीच्या यादीत कायमचे घातलेत. फॉन्टची प्रत्येक नवी आवृत्ती निघायच्या आधी कॉम्प्युटर ते शब्द जुळवून बघतो, आणि मोडले तर पुढं जाऊ देत नाही.

चाचा बाकड्यावर बसून पहिलं पान चाचपत होते. "दर्याचा अर्थ काय लिहिलास त्यांना?" त्यांनी विचारलं.

"समुद्र."

"आणि?"

"एवढंच, चाचा. त्यांना तेवढंच हवं होतं."

"बरं," ते म्हणाले, आणि पिशवीत प्रती मोजून भरू लागले.